संपूर्ण फाईल

ठकीच्या पोहण्याच्या शिबिरासाठी शाळेने तिचे दवाखान्यातले कागद मागवले. ते पाठवायला पालकाची लेखी संमती हवी होती, म्हणून तिचे बाबा स्वतःच दवाखान्यात गेले. शिबिरात पालक-मदतनीस म्हणून तेही जाणार होते. पोर पहिल्यांदाच घराबाहेर झोपणार, आणि आपण इकडे, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

"लसींचं आणि दम्याचं तेवढं पान पाठवते, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "शाळेला तेवढंच लागतं."

बाबा विमा कंपनीत अर्ज तपासत. एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत, अशी त्यांची ख्याती होती.

"अर्धवट कागद पुढे जात नाही," ते म्हणाले. "संपूर्ण फाईल पाठवा."

"डॉक्टरांच्या नोंदींसकट?"

"संपूर्ण म्हणजे संपूर्ण." आणि त्यांनी झोकात सही ठोकली.

संध्याकाळी पोहण्याच्या सरांचा फोन आला. "फाईल मिळाली. मुलगी ठणठणीत आहे, तिचं नाव पक्कं. तुमच्याबद्दल जरा बोलायचं होतं."

"माझ्याबद्दल?"

"वाचूनच दाखवतो. 'लस दिली. मुलगी शांत. वडिलांना भोवळ.' पुढच्या खेपेला, 'वडिलांना आधीच आडवे करून ठेवावे.' मग हे, 'मुलीचा गुडघा खरचटला, पट्टी केली. कापूस पाहून वडील खुर्चीवरून पडले. वडिलांच्या कपाळाला टाके.'"

बाबांचा हात आपसूक कपाळावरच्या खुणेकडे गेला. घरात त्या खुणेची वेगळीच कथा चालत होती: रक्तबंबाळ लेकीला उचलून बाप धावत सुटला आणि दवाखान्याच्या दारावर आपटला.

"सर, हे वाचलंय कोणी कोणी?" बाबांचा आवाज खोल गेला.

"मी, मुख्याध्यापिका आणि शिबिरात प्रथमोपचार बघणाऱ्या बाई. सगळ्यांचं एकच मत पडलं, तुम्हाला मदतनीस म्हणून नेता येणार नाही."

बाबांनी फोन ठेवला. प्रथमोपचार बघणाऱ्या बाई म्हणजे निवृत्त नर्स. आणि निवृत्त नर्स म्हणजे त्यांच्या सख्ख्या सासूबाई.

त्यांनी तातडीने दवाखान्यात फोन लावला. "संमती मागे घ्यायची आहे."

"घेता येते की, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पण आजपासून पुढची. गेलेलं परत येत नाही."

तेवढ्यात बेल वाजली. सासूबाई दारातच थबकल्या आणि जावयाच्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"जावईबापू, माझा जावई वाघ आहे म्हणून मी सगळ्या मैत्रिणींना सांगत फिरले. आणि तुम्ही कापसाला पडलात?"

"आई, दार होतं तिथे."

"दार सगळ्याच खोल्यांना असतं."

बाबांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"डॉक्टरांनी फोन केला होता तेव्हा. म्हणाले, येऊन घेऊन जा. मला वाटलं, ठकीला." तिने कसाबसा आवाज सावरला. "म्हटलं, सांगतोय इतकं रंगवून तर सांगू दे."

ठकी मात्र बाबांजवळ येऊन बसली. "आजी, बाबा आले नाहीत तर त्यांना झोप येणार नाही गं."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि पिशवीतून एक कागद काढला. "ते काय मला कळत नाही? सरांशी बोलूनच आले. म्हणाले, येऊ देत. पण मुलांसारखा यांचाही अर्ज हवा, आणि जबाबदारी घेणारं कोणीतरी मोठं माणूस. मी घेतली."

त्यांनी खाली सही करून कागद पुढे सरकवला. पालकाच्या जागी सासूबाई, पाल्याच्या जागी जावई. ठकीने पेन उचललं.

"कशाची भीती वाटते?" तिने रकाना वाचला आणि स्वतःच लिहायला लागली. "सुई. रक्त. कापूस."

"कापूस राहू दे गं," बाबा हळूच म्हणाले. "तेवढं सोड."

ठकीने मानही वर केली नाही.

"अर्धवट कागद पुढे जात नाही, बाबा."