नियम चौदा आणि कोंडाजींचं वर्तुळ

वर गेलेली वस्तू खाली येते हा निसर्गाचा नियम आहे. ती खाली आली हे सही-शिक्क्यानिशी सिद्ध करावं लागतं, हा माणसाचा. निसर्गाच्या नियमाला अनुसरून मी, संजना धोंडीराम पगारे, वय चोवीस, राहणार इंदिरानगर, नाशिक, गेल्या रविवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी विमानातून उडी मारून हवाई छत्रीने सुखरूप जमिनीवर उतरले. दोन्ही पायांवर. वाचकांनी हे वाक्य वाचून झाल्यावर विसरून जावं. असं काहीही घडलेलं नाही.

मुळात या सगळ्याला कारण आमचे पप्पा. पप्पांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक लिहिलं. काय सुरू झालं, किती वाजता. काय बंद झालं, किती वाजता. निवृत्तीनंतर ही सवय त्यांनी घरी आणली. नळाला पाणी कधी आलं, कधी गेलं, हे आमच्याकडे गेल्या सहा वर्षांचं उपलब्ध आहे. (महापालिकेला हवं असल्यास झेरॉक्स मिळेल.) याच वहीत माझ्या नावाचं एक पान आहे. टायपिंग: सुरू. पेटी: सुरू. पोहणं: सुरू. स्पर्धा परीक्षा: सुरू. शेजारचा ‘पूर्ण’ हा रकाना कोरा, स्वच्छ, पांढराशुभ्र. पाहुण्यांना पप्पा ते पान कौतुकाने दाखवतात. “हिचं सगळं चालू असतं,” म्हणतात.

मी विमानातून उडी मारायला शिकणार म्हटल्यावर आई, म्हणजे सुलाबाई, एवढंच म्हणाली, “उडीच मारायची तर विमानात बसायचं कशाला?” पप्पांनी चष्मा पुसला.

“उडी कोणीपण मारतंय. उतरल्याचा दाखला आण. मी स्वतः ‘पूर्ण’ लिहितो. शाईने.”

शाईने म्हणजे विषय गंभीर होता. मी त्याच दिवशी पैसे भरले.

शहराबाहेर, झेंडू आणि कोथिंबिरीच्या मळ्यांच्या मधोमध, ‘गगनझेप हवाई छत्री प्रशिक्षण संस्था’ आहे. अशी संस्था देशात दुसरी नसावी, आणि नाहीच. अभ्यासक्रम दोन दिवसांचा: अर्ज भरणे सात तास, पडायला शिकणे तीन तास, प्रत्यक्ष हवेत पाच मिनिटं. संस्थेच्या फलकावर लिहिलंय की आजवर ४१२ विद्यार्थी चढले आणि ४०९ उतरले. उरलेल्या तिघांपैकी दोघं उडीनंतर सही न करता परस्पर मिसळ खायला निघून गेले. तिसरी मी.

आमचे प्रशिक्षक मनोज सर. त्यांनी आम्हाला पट्ट्यांनी कडुलिंबाला टांगून शिकवलं. विमानाबाहेर पडल्यावर विमानाला बांधलेली पट्टी छत्री आपोआप उघडते. आपण फक्त पाचपर्यंत मोजायचं, मान वर करून छत्री चौकोनी उघडली का बघायचं, डोक्याजवळच्या दोन मुठी धरून वळत वळत वर्तुळाकडे यायचं, शेवटी वाऱ्याकडे तोंड करायचं, आणि जमीन घराच्या पत्र्याइतकी जवळ आली की दोन्ही मुठी कमरेपर्यंत खेचायच्या. छत्री दम खाते, आपण टेकतो.

“संजना मॅडम, जमीन आली की पाय वर घेऊ नका,” सर खालून ओरडायचे. “ती काही चावत नाही!”

यानंतर नियमांचं वाचन झालं. एकूण एकोणतीस. पैकी चौदावा असा: ‘उतरणे म्हणजे संस्थेने फक्कीने आखलेल्या वर्तुळात, प्रशिक्षकासमक्ष उतरणे. अन्य सर्व प्रकार केवळ हवेतील मुक्काम समजण्यात येतील.’ आम्ही सगळ्यांनी खाली सही केली. नियम न ऐकताच सही करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी ती मोडली नाही.

रविवारी मी उडी मारली. पाचऐवजी एकच आकडा पाच वेळा मोजला, बाकी सगळं पुस्तकाप्रमाणे. छत्री उघडली. चौकोनी, नारिंगी, शिस्तीची. आणि मग एकदम शांत झालं. इतकं शांत मी नाशकात कधी ऐकलं नव्हतं. दूरवर एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. तेहतीस वर्षं पप्पा त्या खालून बघत आले; मी त्या वरून बघत होते, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदाच माझं काहीतरी खात्रीने पूर्ण होणार होतं. मध्येच सोडून द्यायची इथे सोयच नव्हती.

हेल्मेटमधल्या रेडिओवर सर म्हणाले, “वर्तुळ दिसलं तर पाय हलवा!”

मी पाय हलवले. वर्तुळ स्वच्छ दिसत होतं.

आता इथे प्रशासकीय खुलासा आवश्यक आहे. संस्थेचं वर्तुळ स्वातंत्र्यदिनी आखलेलं होतं, आणि त्यानंतर त्यावरून रोज चाळीस शेळ्या जात होत्या. पलीकडच्या मळ्यात मात्र त्याच सकाळी दोन पोती ताजी फक्की टाकून एक झकास वर्तुळ काढलेलं होतं, कारण कोंडाजी आणि नवसाबाई यांच्या भाग्यश्रीचं लग्न होतं आणि नवरदेव हेलिकॉप्टरने येणार होता. (आमच्याकडे हल्ली झेंडूला बरा भाव मिळाला की जावई वरून येतो.) मी अंबडच्या कारखान्यात वॉशर तपासते. दोन वर्तुळांपैकी चांगलं कुठलं, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

वळले, वाऱ्याकडे तोंड केलं, पत्र्याच्या उंचीवर दोन्ही मुठी खेचल्या. रेडिओवर या वेळी जे ऐकू येत होतं ते अभ्यासक्रमात नव्हतं. वर्तुळाच्या बरोब्बर मधोमध टेकले. बँड वाजू लागला.

“आले! आले!” कोंडाजी फेटा सावरत धावले. मागून नवसाबाई ओवाळायचं ताट घेऊन. मी हेल्मेटची काच वर केली.

“अगं बाई, पोरगी हाय ही!”

“करवली असंल,” कोंडाजी म्हणाले. “करवली आधी सोडली. नवरदेव मागून येतोय.”

“एवढ्या उंचावरनं? लय हौशी माणसं हायेत.”

“मावशी, मी करवली नाही,” मी म्हणाले. “मी विद्यार्थी आहे.”

“शिकलेली बी हाय,” नवसाबाईंनी मागच्या बायकांना कळवलं, आणि कुंकू हेल्मेटला लावलं.

त्यानंतर मला नारळ, साडी आणि दोन जिलब्या मिळाल्या. मांडववाल्यांनी माझी छत्री मांडवाच्या कापडासारखी चार मिनिटांत घडी करून दिली. (संस्थेत याला दोन तास आणि तीन अर्ज लागतात.) लग्नाच्या ड्रोनने माझं उतरणं दोन बाजूंनी टिपलं. हेलिकॉप्टर मात्र आलं नाही. त्याला उडायची परवानगी मिळाली होती, उतरायची यायची होती. नवरदेव स्वराजराव दुपारी बुलेटवर आले. वरून आलेली अशी मी एकटीच, त्यामुळे फोटोत मला मधे उभं केलं.

नारळ घेऊन मी संस्थेत परतले. नोंदवही कारभारी अण्णांकडे असते.

“वर्तुळात उतरलात?” अण्णा.

“मधोमध.”

“कोणाच्या?”

“कोंडाजींच्या.”

“नियम चौदा,” अण्णांनी वही मिटली.

“अण्णा, मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“उभ्या असाल, ताई. उतरलेल्या नाहीत.”

“मग मी आत्ता कुठे आहे?”

अण्णांनी वही पुन्हा उघडली, ओळीवरून बोट फिरवलं आणि सहानुभूतीने म्हणाले, “हवेत.” मग त्यांनी चहा मागवला. चहाच्या वहीत मात्र माझी सही घेतली. म्हणजे एक वाजून दहा मिनिटांनी मी जमिनीवर होते, पण तेवढ्या कपापुरती.

मी पुन्हा उडी मारते म्हणाले. अण्णांनी नियम बावीस दाखवला: आधीच्या उडीतून उतरल्याशिवाय पुढच्या उडीसाठी चढता येत नाही. एवढा निर्दोष नियम मी पाहिलेला नाही. त्यांना दोष तरी कसा देऊ? मीही केसभर मोठं भोक असलेला वॉशर रोज बाजूला टाकतेच की. तो कितीही म्हणाला, ‘मॅडम, मी बसतोय ना!’

घरी पप्पांनी ड्रोनचा व्हिडिओ तीन वेळा बघितला. तिन्ही वेळा मी मुठी खेचल्या तेव्हा तेही खुर्चीतून जरासे उठले. मग त्यांनी लॉगबुक काढलं, शाईचं पेन काढलं, टोपण काढलं.

“दाखला?”

मी नारळ पुढे केला. पप्पांनी तो हलवून पाहिला. आत पाणी होतं, शिक्का नव्हता. बराच वेळ पेन हवेत राहिलं. शेवटी ते बंद झालं, आणि पप्पांनी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं: ‘जेवायला हजर. भाकऱ्या तीन.’

“हवेत असली म्हणून काय उपाशी राहील?” आई म्हणाली आणि चौथी वाढली. (नोंद दुरुस्त करण्यात आली.)

तेव्हा मी हा अर्ज करायचं ठरवलं. सोबत नारळाची शेंडी, ड्रोनचा व्हिडिओ आणि नवसाबाईंची सही जोडली आहे. साक्षीदार म्हणून वाचकांचीही सही चालेल, अट एकच: साक्षीदार स्वतः उतरलेला असावा. हसू नका. आपला जन्माचा दाखला काढून बघा. ती फक्त चढल्याची नोंद आहे. उतरल्याचा दाखला त्याच खिडकीवर मिळतो, पण तो कुणी स्वतः जाऊन आणल्याचं ऐकिवात नाही.

सबब, मा. सक्षम अधिकारी (जमीन) यांना नम्र विनंती की, अर्जदारास, व सोबत हे वाचणाऱ्यासही, जिवंतपणीच आणि पूर्वलक्षी प्रभावाने, उतरलेले समजण्यात यावे. व तसे शाईने लिहून मिळावे.