उजवी बाजू वर

आमच्याकडे अंगरखा घालायची रीत एकच. डावी बाजू वर, उजवी आत. उलटं घालतात ते फक्त मढ्याला. मी शिंपी. चाळीस वर्षं जित्यांचे शिवतोय, मेलेल्यांचेही. तक्रार करतात ते जितेच.

शेजारचा च्याओकाका शेंगा विकतो. थंडीने त्याची बोटं वाकडी झालीत, म्हणून अंगरखा रोज त्याचा एकुलता पोरगा मेंग बांधून द्यायचा. त्या मेंगला सरकारने सरहद्दीवरची लांबलचक भिंत बांधायला नेलं. तिथनं परत येतात त्यातले निम्मे खोकत येतात, निम्मे येतच नाहीत. बाप साठीचा आणि पोरगा एकुलता असेल तर सोडतात म्हणे. काकाने स्वतःच कसाबसा अंगरखा गुंडाळला आणि पहाटेच्या अंधारातच आम्ही दोघं कचेरीत गेलो.

कारकून फूने अर्ज बघितलाच नाही. काकाची छाती बघितली.

"उजवी बाजू वर. म्हणजे तुम्ही मयत."

"साहेब, बोलतोय की मी!"

"बोलण्याची नोंद होत नाही. कपड्याची होते."

काकाने घाईघाईने अंगरखा सोडून सुलट केला.

"मढ्याचे कपडे बदलले? थडगं उकरल्याचं कलम लागेल. करा परत उलटे."

काकाने केले. "आणि माझा मेंग?"

"बाप हयात असेल तर सूट. त्याचा कुठाय?"

काकाने माझी बाही ओढली. मग मीच तोंड उघडलं. "साहेब, बाप मेला की पोराला तीन वर्षं सुतकाची रजा असते ना?"

फूने कायदे लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्या चाळल्या. बराच वेळ चाळल्या.

"असते." त्याने शिक्का उठवला. "मयताने इथे बोटाची खूण करावी."

पंधरवड्याने मेंग घरी आला. काका त्याच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडायला लागला.

"हळू रड की," मी म्हटलं, "मेलायस तू."

मग काय, म्हाताऱ्यांची रांग लागली माझ्या दाराशी. वर्षभरात गावात साठीवरचं जितं माणूस उरलं नाही. फूने वर कळवलं, 'वृद्धांची एकही तक्रार नाही.' त्याला बढती मिळाली.

परवा फूच्याच पोराचं नाव भिंतीच्या यादीत आलं. संध्याकाळी साहेब मागच्या दाराने आले.

"शिंपीबुवा, उजवी बाजू वर घ्या."

तेव्हापासून आमची कचेरी मयत माणूस चालवतो. कामात काही फरक पडलेला नाही.

हसा, हसा. पण हसता हसता हात अंगरख्याच्या गळ्याशी कशाला गेला तुमचा?