खिडकीजवळचं दोघांचं टेबल

कोणतीही संस्था किती शिस्तीची आहे हे तिला आपलं गिऱ्हाईक वारल्याचं कळवल्यावर समजतं. कुणी दाखला मागतं, कुणी दाखल्याची झेरॉक्स मागतं, आणि काही ठिकाणी तर मेलेल्या माणसानं स्वतः येऊन सही करावी असा आग्रह असतो. या परीक्षेत कोल्हापुरात पहिला नंबर काढला तो नागाळा पार्कातल्या 'ल पेती रंकाळा' या ब्रासरीनं.

बयाबाई चौगले गेल्याची बातमी ज्या दिवशी गावभर झाली, त्या दिवशी त्यांचे यजमान कृष्णात चौगले यांना फोनवर फोन येत होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, "कसं काय झालं वो?" बयाबाई सकाळी गॅसवर दूध ठेवून खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत, एवढंच त्यांना सांगता येत होतं. (दूध उतू गेलं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.) या गर्दीत एक फोन वेगळा आला. त्यातला आवाज गोड होता.

"गुड आफ्टरनून सर! बयाबाई मॅमच्या नावानं रविवारी खिडकीजवळचं दोघांचं टेबल आहे. कन्फर्म करायचं ना?"

"त्या वारल्या," कृष्णात म्हणाले.

फोनमध्ये थोडा वेळ पियानो वाजला.

"सो सॉरी सर. मग टेबल एकाचं करू का?"

दिवसभरात आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा एकच प्रश्न मुद्द्याचा होता. "ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणाले. ब्रासरीच्या नियमात 'राहू दे' म्हणजे कन्फर्म. टेबल कन्फर्म झालं.

ब्रासरी म्हणजे काय हे इथं सांगायला हवं. युरोपात ब्रासरी ही एक प्रकारची खानावळच. साधी माणसं कामावरून सुटून तिथं जातात आणि पोटभर जेवून घरी येतात. कोल्हापूरला येताना यातला 'साधी माणसं' आणि 'पोटभर' एवढा भाग वाटेत गळाला, बाकी सगळं जसंच्या तसं आलं. वेताच्या खुर्च्या आल्या. माणूस जेवताना स्वतःकडे बघत राहील असे आरसे आले. वेटरांचे घोट्यापर्यंतचे एप्रन आले (चालताना अडखळतात, पण अडखळणं अस्सल आहे). मेन्यू फळ्यावर खडूनं लिहितात, आणि तो कुणाला वाचता येत नसल्यामुळे सगळे तो फार वेळ वाचतात.

मालक पृथ्वीराज हे फौंड्रीवाल्यांच्या घरातले. ते एकदा युरोपची सहल करून आले आणि आपल्या गावात खायला काहीच मिळत नाही असं त्यांच्या लक्षात आलं. हे कोल्हापुरात लक्षात येणारे ते पहिलेच.

बयाबाईंना ही ब्रासरी कळली ती शेजारणीच्या फोनमधल्या फोटोवरून. फोटोत कांद्याचं सूप होतं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, परत लहान केला.

"कांदा, पानी आनि वर शिळा पाव," त्या म्हणाल्या. "ह्याला मानसं रांगंत हुबारत्यात? आवो, एकदा जाऊन बघूनच येऊया काय करत्यात कांद्याला."

आणि त्यांनी स्वतः फोन लावून टेबल घेतलं. पुढचे काही दिवस भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ही बातमी दिली. सूप चाखल्यावर काय म्हणायचं तेही त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं: घरातलं बरं हुतं. तयारी पूर्ण होती. चाखायचं तेवढं राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या काठावर रक्षाविसर्जन झालं आणि कावळ्यासाठी निवद मांडला. निवदात हयगय नव्हती. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात होता, दही होतं, भाकरी, झुणका, खर्डा, बयाबाईंना आवडायचा तो आल्याचा चहा, पान, आणि कुणीतरी हौसेनं आणलेलं भडंग. माणसं मागं सरून उभी राहिली. कावळे आले, चिंचेवर बसले आणि बसूनच राहिले.

मग अशा वेळी करतात ते सुरू झालं. पोरगा यशराज पुढं होऊन म्हणाला, "आई, मी पुण्यासनं दर म्हैन्याला येतो." कावळा हलला नाही. (त्यालाही पुण्याचा रस्ता माहीत असावा.) भावकीतल्या एकानं बांधाचा वाद मिटवतो म्हणून सांगितलं. कावळ्यानं मान फिरवली. शेजारणीनं नेलेला कुकर परत द्यायचं कबूल केलं, एका भाच्यानं तंबाखू सोडली, एकानं तर बयाबाईंशी काहीच संबंध नसताना आपल्या बायकोची माफी मागितली. अर्ध्या तासात चौगले भावकीत एवढी सुधारणा झाली की बयाबाई असत्या तर त्यांनाच करमलं नसतं. कावळा जागेवर.

ऊन चढायला लागलं. पाळीच्या कामावर जाणारे घड्याळ बघू लागले. कृष्णातची थोरली बहीण धोंडुबाई जवळ आली.

"कृष्णा, तिचं काय ऱ्हायलंय बग की. नीट आठव."

"टेबल ऱ्हायलंय," कृष्णात म्हणाले.

"कसलं टेबल?"

त्यांनी सांगितलं. धोंडुबाईनं कपाळावर हात मारला नाही, का पुढं काही विचारलं नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "मग हितं काय करतोयस? काढ रिक्षा."

ब्रासरीच्या दारात 'स्मार्ट कॅज्युअल' अशी पोशाखाची पाटी आहे. कृष्णात अनवाणी होते आणि खांद्यावर ओला टॉवेल होता. परदेशात हल्ली असंही चालत असेल या विचारानं दरवानानं दार उघडलं. काउंटरवर तेजस्वी नावाची मॅनेजर होती. मूळची राधानगरीकडची, पण ब्रासरीनं तिला खास आवाज शिकवलेला.

"वेलकम टू ल पेती रंकाळा! रिझर्वेशन आहे?"

"हाय की. उद्याचं," कृष्णात म्हणाले. "पर आमाला आज वाटीभर कांद्याची आमटी बांधून पायजे."

"सर, ऑनियन सूप पार्सल होत नाही. आणि बारानंतरच असतं. तो एक अनुभव आहे ना, त्यासाठी गेस्टना इथंच यावं लागतं."

"गेस्ट झाडावर बसलाय, बाई," धोंडुबाई म्हणाली.

"सॉरी?"

"कावळा."

तेजस्वीच्या प्रशिक्षणात अवघड गिऱ्हाइकांचे बरेच प्रकार शिकवले होते. कावळा त्यात नव्हता. पण कशाचंही आश्चर्य दाखवायचं नाही हा पहिला धडा असल्यामुळे तिनं टॅब पुढं ओढला.

"ओके. वन गेस्ट. काही ॲलर्जी?"

धोंडुबाईनं प्रामाणिकपणे विचार केला. "त्याला व्हय? न्हाय. त्याला कशानं काय हुत न्हाय."

"व्हेज की नॉनव्हेज?"

"दोनी."

"काही स्पेशल ऑकेजन? बर्थडे, ॲनिव्हर्सरी?"

"तिसरा दिवस," कृष्णात म्हणाले.

टॅबवर उद्याच्या यादीत बयाबाईंच्या नावावर तिचं बोट थांबलं. तेजस्वीचा शिकवलेला आवाज गेला आणि घरचा आला.

"बयाबाई म्हंजे... त्या काकींचा? आवो काका, टेबलाचा फोन मीच घेतलता की त्यांचा. बुकिंग झाल्यावर मला म्हनाल्या, 'तू जेवलीस का गं?' हितं आजपातुर कुनी इचारलं न्हवतं." आणि आत तोंड करून ती ओरडली, "शेफ! भाईर या!"

शेफ सम्राट फ्रान्समध्ये शिकून आलेला. सूप बाराच्या आत का देता येत नाही याची तीन कारणं त्यानं इंग्रजीत सांगितली. मग ते कोण खाणार हे त्याला कळलं आणि तो खाली बसला. त्याचंही बरोबर होतं. ब्रासरीच्या पाहणीनुसार तिथं येणाऱ्यांपैकी साठ टक्के लोक फोटो काढायला येतात, तीस टक्के लोक कोण कोण आलंय ते बघायला येतात, आणि उरलेले दहा टक्के कांदा-लसूण चटणी मागतात. चवीबद्दल आजवर कुणीच काही बोललेलं नव्हतं. आणि आता पहिल्यांदाच असा एकजण खाणार होता जो फोटो काढत नाही, भिडेला पडत नाही, आणि नाही आवडलं तर सगळ्या भावकीसमोर उडून जातो. संध्याकाळपर्यंत शाहूवाडीपासून आजऱ्यापर्यंत झालं असतं, ब्रासरीचं कावळ्यानंबी खाल्लं न्हाय.

पृथ्वीराजना फोन लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाठवा," ते म्हणाले. "पर आपल्या स्टँडर्डनं पाठवा."

अशा रीतीनं घाटावर गाडी आली. गाडीतून घडीचं टेबल निघालं, पांढरं कापड निघालं, एक वेताची खुर्ची निघाली, मेणबत्ती निघाली (वाऱ्यानं लगेच विझली, पण पेटवणं नियमात होतं). ताटलीवर ताटली, तिच्यावर आणखी ताटली आणि त्या सगळ्यांवर लहानसा वाडगा असं सूप आलं. पावाची टोपली आली तेव्हा सकाळपासून उपाशी उभी असलेली भावकी एक पाऊल पुढं सरकली. एप्रनवाला वेटर चिंचेकडे तोंड करून कमरेत वाकला. शेफ सम्राटनं घसा साफ केला आणि कावळ्यांना समजावून सांगू लागला, "मंद आचेवर कॅरमलाइज केलेला कांदा, त्यावर ग्रुयेर चीज..."

"पावणं, मराठीत सांगा की," मागून कुणीतरी ओरडलं. "हितलाच हाय त्यो."

कावळा उतरला. खुर्चीच्या पाठीवर बसला. सूपाकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. आणि परत चिंचेवर गेला.

शेफचा चेहरा राखेसारखा झाला. तेजस्वी त्याला "असू दे, असू दे" म्हणत होती. भाच्यानं घाईघाईनं चहापण सोडला. धोंडुबाईनं हात जोडले, "बया, आता आनि काय पायजे गं तुला? आख्खं हाटेल आनलं की!"

कृष्णातच्या पोटात त्या दिवसापासून धड काही गेलं नव्हतं. त्यांना गरगरलं. बसायला खुर्ची एकच होती, ते तिच्यावर बसले. समोर सूप होतं, चमचा होता. त्यांनी चमचा उचलला.

"आरं निवद हाय त्यो!" एक म्हातारा ओरडला. "उष्टा करतोस व्हय?"

कृष्णातनी एक चमचा घेतला. थांबले. आणखी एक घेतला. मग मोरीतून स्वैपाकघरात सांगायचे तशा आवाजात, चिंचेकडे न बघता, ते बोलू लागले.

"अगं, कांदाच हाय. लई येळ परतलाय, म्हनून ग्वाड लागतोय. मीठ कमी हाय. वरचा पाव भिजून चिखल झालाय. चीज दोरीगत वर येतंय, सोडंना झालंय. वाईट न्हाय. पर घरातलं बरं..."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला. पाव उचलला आणि वीतभर चीज मागं लोंबत चिंचेवर नेला. मग दुसरा आला, तिसरा आला. "शिवला! शिवला!" एकच गलका झाला. शेफ सम्राट सगळ्यांत मोठ्यानं ओरडला आणि त्यानं धोंडुबाईला मिठी मारली. धोंडुबाई म्हणाली, "सोड मुडद्या, सुतकातली हाय मी, अंघूळ करावी लागंल तुला!" कृष्णात हसायला लागले. चीजच्या दोरीत अडकलेला कावळा बघून ते हसत होते आणि हसणं थांबेना, तेव्हा धोंडुबाईनं जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

या घटनेचे दोन अर्थ निघाले. धोंडुबाईच्या मते बयाबाईंना सूप नको होतं, सूपाचा निकाल हवा होता. ब्रासरीच्या मते कावळ्याला सूप आवडलं. दुसरा अर्थ फळ्यावर खडूनं लिहिला गेला, म्हणून तोच खरा.

आता ब्रासरीची तिसऱ्या दिवसाची स्वतंत्र सेवा आहे. कापड, मेणबत्ती, वाकणारा वेटर, सगळं त्यात येतं. त्यामुळे घाटावरचे कावळे फार पुढारले आहेत. साधा दहीभात मांडला तर कापड कधी अंथरतात याची वाट बघत बसतात. वयस्कर मंडळी हयातीतच ब्रासरीत जाऊन आपली डिश ठरवून येतात, म्हणजे मागं पोरांची धावपळ नको. काहींना ती आवडत नाही, पण आपल्याला कुठं खायची आहे, असं म्हणून ते पसंती देतात. (उरलेल्या गिऱ्हाइकांची पसंती याहून फार वेगळ्या पद्धतीनं होत नाही.)

तेव्हा गेल्या रविवारी तुम्ही ब्रासरीत गेला असाल, रांगेत उभे राहिला असाल, आणि खिडकीजवळचं टेबल रिकामं बघून "आम्ही काय फुकट जेवायला आलोय काय?" असं काउंटरवरच्या पोरीवर ओरडला असाल, तर तिनं नियमाप्रमाणे तुमची माफी मागितली असेल. कारण सांगितलं नसेल. कारण एवढंच आहे की दर शनिवारी ती कृष्णातना फोन करते आणि घरच्या आवाजात विचारते, "काका, कन्फर्म करायचं न्हवं? जेवलासा का?"

"ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणतात.

ते टेबल एकाचं करायचं अजून राहिलं आहे.