शून्य वापराचा रविवार

पाणी हा मानवी जीवनाचा आधार असून त्याचा आलेख मोबाइलवर दिसल्याशिवाय त्याला पूर्णत्व येत नाही. हे ध्यानात घेऊन डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीने (सचिव: मी) घरोघरी पाइपला स्मार्ट सेन्सर बसवले. सेन्सर वापर मोजतो आणि सांगितलं की व्हॉल्व्हही बंद करतो. वाद घालत नाही.

नियम १. आठवड्यात सर्वाधिक पाणी वापरणाऱ्या घराचा व्हॉल्व्ह रविवारी दिवसभर बंद राहील.

नियम ४. (२ आणि ३ वर चर्चा चालू आहे.) अपवाद नाही, सचिवालाही नाही. हे वाक्य मी आग्रहाने घातलं. टाळ्या पडल्या.

रोख पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाईंवर होता. त्या रोज सकाळी कालचं पाणी शिळं म्हणून ओतून देतात आणि हंडे, कळश्या, पिंप नव्याने भरतात. पाणी शिळं होत नाही, हे मी त्यांना प्रोजेक्टरवर दाखवलं होतं. "चित्रं छान आहेत," त्या म्हणाल्या होत्या.

परिणाम: आपलाच व्हॉल्व्ह बंद झाला तर, या धास्तीने प्रत्येक घराने पिंप आणलं आणि भरलं. वापर चाळीस टक्क्यांनी वाढला. जागृती शंभर टक्के. (आदर्श म्हणून आमचं पिंप मी भंगारात दिलं.)

शनिवारी संध्याकाळी मोबाइल वाजला. सर्वाधिक वापर: घर क्रमांक ३०२.

३०२ आमचं. आणि रविवारी आमच्या शिवानीचं लग्न ठरवायला मितेशचे आईवडील माजिवड्याहून येणार होते.

"सेन्सर बिघडलाय," मी बायकोला म्हणालो.

"सेन्सरला काही झालेलं नाही," रसिका म्हणाली. "अहो, आठवडाभर तुम्ही नळ सोडताय, मोबाइल बघताय, आकडा हलला की 'बघ, बघ' म्हणताय, आणि परत सोडताय."

"ती तपासणी होती."

"गेली मोरीतून तुमची तपासणी. आता उद्या चहा कशात करू? आलेखात?"

पासवर्ड माझ्याकडेच होता. पण टाळ्याही मलाच पडल्या होत्या.

रविवारी सकाळी नळाने एक ढेकर दिला आणि तो गप्प झाला. मी रिकाम्या कळश्या घेऊन पहिल्या मजल्यावर गेलो.

"कालचं आहे हो," विमलाबाई दारातच म्हणाल्या. "ओतायलाच निघाले होते. शिळं चालेल?"

"पाणी शिळं होत नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग दोन्ही कळश्या भरून न्या. तेवढा प्रोजेक्टर नका लावू."

पाहुणे आले. मितेशच्या वडिलांनी तांब्या रिकामा केला. "तुमच्याकडचं पाणी गोड आहे," ते म्हणाले. लग्न ठरलं. मग कळलं, तेही त्यांच्या सोसायटीचे सचिव. त्यांना सेन्सर बघायचा होता. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि नळ पूर्ण सोडला. काही आलं नाही.

"बघा," मी म्हणालो, "सकाळपासून शून्य वापर."

ते भारावले. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेही बसतोय. नियम ४ त्यांनी शब्दशः घेतलाय.

आता तुम्ही हसताय. हसा. फक्त हे वाचायला बसण्याआधी मोरीत नळाखाली बादली लावून आला होतात, तेवढा नळ बंद करून या.

मी थांबतो.