तीन मतांचे बाबा

सत्तेचाळिसाव्या पानावर बायकोचं बोट थांबलं, तेव्हा पोस्टमास्तरांचा अर्धा गाल साबणात होता.

"अहो, तेव्हा बेटावर मतं किती होती?"

"पाच," मास्तर आरशाला म्हणाले.

"मग बाबांना तीनच कशी पडली?"

वस्तरा हनुवटीला लागला. पांढऱ्या फेसात लाल ठिपका उमलला आणि तुरटीचा खडा शोधायच्या निमित्ताने मास्तर न्हाणीघरात शिरले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. खडा समोरच्या फळीवर होता. शोधत होते ते उत्तर.

प्रकरण असं होतं. पुढच्या निवडणुकीपासून हा मतदारसंघ उरणार नव्हता. किनारा एकाला आणि डोंगर दुसऱ्याला जोडायचं ठरलं होतं. मोडायच्या आधी त्याचा इतिहास लिहून ठेवावा, असं वाचनालयाच्या मंडळींच्या मनात आलं. गावोगावच्या पत्त्यांसकट माणसं तोंडपाठ असलेला एकच गृहस्थ निवृत्त होऊन घरी बसला होता, म्हणून काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. त्यांनीही ते मन लावून केलं. निवडणूक कचेरीतल्या वाळवीशी भांडून आकडे उतरवून आणले. पहिल्या निवडणुकीत शहरातून आलेला, समुद्र कधी न पाहिलेला वकील कसा निवडून आला, ते लिहिलं. एक खासदार राजधानीची हवा बाधली म्हणून आठव्या दिवशी परतले ते पुन्हा गेलेच नाहीत आणि पोटनिवडणूक लागली, तेही लिहिलं. किनारेवाले म्हणत, डोंगरवाले मत देतात पण मन देत नाहीत. डोंगरवाले म्हणत, किनारेवाल्यांचं मन भरतीला एक आणि ओहोटीला दुसरं. मास्तरांनी दोन्ही बाजू सारख्या मापाने मांडल्या.

पुस्तकाचा आत्मा मात्र पाचव्या निवडणुकीत होता. त्या साली होड्या बांधणारे बाबा उभे होते. बाबा म्हणजे मास्तरांचे सासरे. समोर बर्फाच्या कारखान्याचा मालक. तीनदा मोजणी झाली आणि बाबा तीन मतांनी पडले.

पण पडावं तर असं. बर्फवाला निवडून आला आणि विरघळूनही गेला. बाबा मात्र "तीन मतांचे बाबा" म्हणून अडतीस वर्षं गाजत राहिले. खाडीकाठी त्यांना भेटणारा प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगायचा, "बाबा, माझं तुम्हालाच होतं हां." इतक्या माणसांची मतं खरोखर पडली असती तर बाबा दोन मतदारसंघांतून निवडून आले असते. जाळी विणणाऱ्या बायकांनी त्यांच्यावर गाणं रचलं होतं:

तीन मतं उणी पडली गं, खाडीच्या पाण्यात बुडाली,
कुणी म्हणे वाऱ्यानं नेली, कुणी म्हणे मासळीनं गिळली.

त्यातलं एक मत वाऱ्याने नेलं नव्हतं आणि मासळीनेही गिळलं नव्हतं. ते कुणी बुडवलं, हे एकट्या मास्तरांना ठाऊक होतं.

त्या वर्षी मास्तरांचं नवं लग्न झालं होतं. किनाऱ्यावरच्या टपाल कचेरीला राहायची खोली नव्हती, म्हणून ते काही महिने बेटावर घरजावई होऊन राहिले. बेटावर घर एकच. मतदार पाच: बाबा, आई, मेहुणा, बायको आणि ते स्वतः. सकाळ-संध्याकाळ होडीने खाडी ओलांडायची आणि होडीत पाय ठेवला की मास्तरांच्या पोटातलं सगळं उलट टपाली परत यायचं. बर्फवाल्याने जाहीर केलं की निवडून आलो तर बेटापर्यंत पूल बांधीन. मतदानाच्या दिवशीही मास्तर सकाळची फेरी करून, तोंड हिरवं करून परतले होते. पेटी घेऊन आलेल्या सहा कारकुनांसमोर, सासऱ्यांच्याच होड्यांच्या कारखान्यात उभारलेल्या आडोशामागे, त्यांनी मत पुलाला दिलं. पूल काही झाला नाही. त्याच्या पायाचा दगड चिखलात अजून उभा आहे आणि त्यावर पाणकावळे पंख वाळवतात.

म्हणून पुस्तकात मास्तरांनी फक्त एकूण मतं दिली होती. केंद्रवार आकड्यांचा तक्ता मुद्दाम गाळला होता. पण छापखानेवाल्याच्या घराण्यात कोरं पान सोडणं अपशकुनासारखं. छपाईचा एक ताव, म्हणजे फॉर्म, सोळा पानांचा; तीन फॉर्मांची झाली अठ्ठेचाळीस पानं, आणि मास्तरांचा मजकूर भरला चव्वेचाळीस. मास्तरांनी विश्वासाने ठेवायला दिलेल्या गठ्ठ्यातून त्याने पाचव्या निवडणुकीचा केंद्रवार तक्ता उचलला आणि उरलेल्या चार पानांत गच्च बसवला. छापून झाल्यावर सुटे फॉर्म "सहज नजर टाका" म्हणून घरी पाठवले. नजर बायकोने टाकली.

बेट: बाबा तीन, बर्फवाला दोन.

तिने गणित लगेच केलं. ती दोन मतं फिरली नसती तर बाबा एका मताने निवडून आले असते. म्हणजे खाडीने नाही, घराने बुडवलं. तिने पलीकडच्या वाडीतल्या भावाला फोन लावला. दादा तेव्हा मोटारसायकलीसाठी रुसून बसला होता, हे तिला अडतीस वर्षांनी लख्ख आठवलं. दादालाही आठवलं की बर्फवाल्याची मुलगी ताईची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, मैत्रीण होती आणि दोघी एकाच कापडाची झंपरं शिवायच्या. संध्याकाळपर्यंत भावाबहिणींत बोलणं बंद झालं. तिच्या हिशेबात एक दादा होता. दुसरा कोण, म्हणून ती नवऱ्याकडे पाही आणि स्वतःच मान हलवी.

"छे. तुम्हाला साधं खोटं तिकीट चिकटवता आलं नाही कधी."

हे कौतुक मास्तरांनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छापखाना गाठला. पाचशे प्रती छापून तयार, फक्त बांधणी राहिलेली. तक्ता काढून टाकता येईल का, या प्रश्नावर छापखानेवाल्याने अशी मुद्रा केली की जणू त्याच्या पोराचा कान कापायला सांगितलाय. शेवटी तडजोड निघाली. बेटाच्या ओळीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची: बाबा पाच, बर्फवाला शून्य. मास्तरांनी ती लिहून दिली. छापखानेवाल्याने पेन्सिल कानामागून काढून बेरीज केली, पुन्हा केली, आणि हळूच म्हणाला, "मास्तर, असं केलं तर तुमचे सासरे निवडून येतात."

मास्तर चिठ्ठी परत घेऊन घरी आले. आयुष्यभर दुसऱ्याचं पाकीट उघडलं नाही. आता अख्खा खासदार बदलणं त्यांच्याने होईना.

रविवारी प्रकाशन होतं आणि पाहुणे अर्थात बाबा. त्यांना आणायला सगळं घर सकाळीच बेटावर जमायचं ठरलेलं. मास्तर होडीतून उतरले ते भिंत धरूनच आत गेले. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. आई ओसरीवर लसूण सोलत होती. दादा एका दाराशी, ताई दुसऱ्या दाराशी, आणि मधे अडतीस वर्षांपूर्वीची मोटारसायकल.

दादाने सांगून टाकलं की गद्दारांबरोबर व्यासपीठावर तो बसणार नाही. ताई म्हणाली, मग बाबांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्याच राहतील, कारण तीही बसणार नाही. बाबांनी पुस्तक मागितलं, सत्तेचाळिसावं पान उघडलं, आकड्यावरून बोट फिरवलं आणि एकदम म्हातारे दिसू लागले. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी काढलं.

"राहू दे मग," ते म्हणाले. "नाही जात मी."

मास्तरांना ते पाहवेना. भांडण परवडलं असतं. ते काढलेलं बटण परवडेना.

"बाबा," ते म्हणाले, "दादाला, हिला बोलू नका. एक मत माझं आहे. मी पुलाला दिलं."

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू घरातलं कपाट अचानक बोलायला लागलं. बाबांनी मात्र पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"आता तुम्ही बोललातच जावईबापू, तर मीही बोलतो," ते म्हणाले. "एक माझं आहे."

"तुमचं?" दादा म्हणाला.

"अरे, आडोशामागे गेलो, शिक्का हातात घेतला आणि लाजच वाटली. स्वतःच स्वतःची पाठ थोपटायची, तर हात कुठवर पुरणार? म्हटलं, एवढी माणसं देतायत, माझ्या एकाने काय होतंय. दिलं त्याला."

एक आणि एक दोन. हिशेब मिटला. ताईने डोळ्याला पदर लावला, दादाने झंपरांचा विषय मनातल्या मनात मागे घेतला, आणि दोघं एकमेकांकडे पाहून ओशाळं हसलेही. तेवढ्यात ओसरीवरून आईचा आवाज आला. मान वर न करता, पाकळी सोलता सोलता ती म्हणाली,

"असं कसं? एक तर माझं आहे."

सगळे वळले.

"हे राजधानीत जाऊन बसले असते. पाच वर्षं. इथे मी, लाटा, आणि यांची अर्धी होडी. कुणाशी भांडायचं होतं मी? मारला शिक्का बर्फावर." मग बाबांना म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला कळलंय. म्हणून कधी विचारत नाही."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. तीन मतांनी पडलेला तो माणूस त्या क्षणी असा दिसला, जणू एकमताने निवडून आलाय.

पण ताई आकडे मोजत होती. बाबांचं एक, आईचं एक, झाली दोन. तक्त्यात दोनच होती. दादाचं आणि तिचं बाबांना. उरलं एक.

"मग यांचं कुठे गेलं?"

आता सगळे मास्तरांकडे पाहू लागले आणि मास्तर स्वतःकडे. अडतीस वर्षं जपलेलं पाप त्यांनी मनात उलटसुलट करून पाहिलं. शिक्का मारल्याचं आठवत होतं. कागद हातात डोलत होता, तेही आठवत होतं. की कागद स्थिर होता आणि डोलत ते होते?

"मताच्या कागदावर वर बर्फवाला होता, खाली हे," आई म्हणाली. "तुम्ही होडीतून उतरून तसेच आत गेलात, जावईबापू. धड उभंही राहवत नव्हतं तुम्हाला. कागद उलटा धरून शिक्का यांच्यावरच मारला असणार."

दादा जो हसत सुटला, तो खांबाला धरून खाली बसला. मास्तरांना सुटल्यासारखं वाटावं की लुबाडल्यासारखं, हे ठरेना. अडतीस वर्षं सासऱ्यांच्या नजरेला नजर दिली नव्हती. आणि खुद्द बाबांनी नि आईने जे मत बाबांना दिलं नाही, ते या जावयाने दिलं होतं.

"या, इथे बसा माझ्याजवळ," बाबा म्हणाले आणि सदऱ्याचं बटण लावू लागले.

पुस्तक चिठ्ठी न लावता प्रकाशित झालं. सभेत बाबा पुष्कळ बोलले. मतं खाडीत बुडाली, हेच त्यांनी पुन्हा रंगवून सांगितलं आणि पहिल्या रांगेतली आई मान डोलावत राहिली. खुर्च्या दोन्ही भरलेल्या होत्या.

बाबांना बेटावर पोचवून परतताना खाडीला वारा होता. मास्तर होडीच्या काठावर ओणवे झाले होते. बायको एका हाताने त्यांचं कपाळ धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताने पाठ चोळत होती. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली,

"पुढच्या खेपेला गद्दारी करायची असली, तर घरातून निघतानाच सांगा. वर कोण, खाली कोण, तळहातावर लिहून देते."