टाकीतली फट

डॉक्टर होते दातांचे, पण त्यांचा जीव सगळा गाडीत. गाडी म्हणजे दुकानातून आणलेली नव्हे. सुटे भाग खोक्याखोक्यांनी मागवून तीन वर्षं गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी जोडलेली. त्या तीन वर्षांत त्यांच्या बायकोचं शिलाई मशीन, सोफ्यांच्या कव्हरांची कापडं आणि गाद्यांचा स्पंज यांनी जेवणाचं टेबल व्यापलं होतं. घरात जेवायचं ते ताट मांडीवर घेऊन.

"अहो, माझी ऑर्डरीची कामं अशी किती दिवस टेबलावर करायची? गॅरेज मला कधी मिळणार?" बाईंनी एकदा सरळच विचारलं.

"शर्यत होऊ दे. गाडीने पाच फेऱ्या पूर्ण केल्या नाहीत, तर गॅरेज तुझं. शब्द देतो."

"पेशंटला 'अजिबात दुखणार नाही' म्हणता, तसला शब्द नाही ना?"

डॉक्टरांना ते लागलं, पण लागलेलं दाखवायचं नाही ही त्यांची जुनी सवय.

आता शर्यतीच्या क्लबचा एक नियम होता. पेट्रोलच्या टाकीत फोम भरलेला हवा. गाडी उलटली, टाकी फुटली, तर पेट्रोल भसकन बाहेर न येता या जाळीदार स्पंजात अडकून राहतं आणि माणूस भाजायचा वाचतो, असा त्यातला हिशेब. डॉक्टरांनी टाकीच्या मापाचा फोम मागवला. तो आला, तेव्हा त्याच्या मधोमध वीतभर फट होती. सोबत एक माहितीपत्रकही होतं. पण माहितीपत्रकं पेशंटनी वाचायची असतात, डॉक्टरांनी नाही.

शिवाय या माणसाने पंचवीस वर्षं दुसरं केलं काय होतं? पोकळी दिसली की साफ करायची, भरायची, दाबायची. त्यांनी ती फट पाहिली, मान हलवली, सोबत आलेला जादा फोम कातरला आणि दवाखान्यातल्या हत्याराने असा काही ठासला, की फट कुठे होती हे फोमलाही सांगता आलं नसतं.

मग कॅनने दहा लिटर पेट्रोल ओतलं. काटा थेट 'फुल'वर.

"बघ, फोमने जागा खाल्ली. दहा लिटरमध्येच टाकी भरली," डॉक्टर म्हणाले.

दोन आठवडे ते गाडी गल्लीतून, हमरस्त्यावरून फिरवत राहिले. काटा ढिम्म हलेना. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. डॉक्टर घाबरले नाहीत, त्यांनी सिद्धान्त मांडला: फोममुळे पेट्रोल हिंदकळत नाही, हिंदकळत नाही म्हणून उडत नाही, उडत नाही म्हणून संपत नाही. हा सिद्धान्त आधी खुर्चीतल्या पेशंटनी ऐकला. त्यांची तोंडं उघडीच असल्यामुळे एकानेही शंका काढली नाही.

घरी मात्र तोंड बंद करून बसणारं कुणी नव्हतं.

"गाडी पेट्रोल पीतच नाही म्हणता, मग पळते कशावर?" बाईंनी विचारलं.

"तुला त्यातलं नाही कळायचं."

"बरं, तो काटा हलतो कसा?"

"टाकीत एक गोळा असतो. पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल खाली गेलं की गोळा खाली, गोळा खाली की काटा खाली."

"आणि गोळ्याला खाली जायला जागा कुठेय? तुम्ही तर गादी भरल्यासारखी टाकी भरलीत."

"अगं, गाद्या शिवणं वेगळं आणि इंजिनिअरिंग वेगळं," डॉक्टर म्हणाले आणि क्लबला भाषण द्यायला निघून गेले.

भाषण जोरदार झालं. क्लबचे अध्यक्ष व्यवसायाने बिल्डर होते, त्यामुळे कमी मालात जास्त काम ही कल्पना त्यांना मनापासून पटली. त्यांनी जागच्या जागी डॉक्टरांना क्लबचे तांत्रिक सल्लागार नेमलं. पुढच्या दोन रविवारी सहा सभासदांच्या टाक्यांतल्या सहा फटी डॉक्टरांनी स्वतः बुजवून दिल्या. सगळ्यांचे काटे 'फुल'वर गेले आणि तिथेच राहिले. शर्यतीच्या सकाळी कुणीही पेट्रोल भरलं नाही. टाकी भरलेली दिसतेय, तर उगाच वजन कशाला वाढवा?

शर्यत एका जुन्या धावपट्टीवर होती. सात गाड्या सुटल्या. दुसऱ्या फेरीत अध्यक्षांची गाडी आचके देऊन थांबली. तिसऱ्या फेरीत एकामागोमाग चार. डॉक्टरांना वाटलं, या लोकांना गाडी चालवता येत नाही. चौथ्या फेरीत सहावीही थांबली, तेव्हा तर त्यांना आपल्या हातातला कप दिसायला लागला. पाचव्या फेरीत शेवटची रेघ अगदी समोर दिसत असताना त्यांच्या गाडीने एक उचकी दिली, दोन दिल्या आणि सावकाश उभी राहिली. काटा 'फुल'वरच होता.

डॉक्टरांनी काट्यावर दोनदा टिचकी मारून पाहिली. गॅरेज गेलं, हे त्यांना तिथेच कळलं.

क्लबचे तपासनीस आले. त्यांनी टाकी उघडली, आत चिमटा घातला आणि ठासलेला तुकडा ओढून काढला.

"गोळ्याची जागा कुणी बुजवली?"

सहा जणांनी सहा दिशांनी येऊन एकाच माणसाकडे बोट दाखवलं.

बाईंनी प्रेक्षकांतून उठून फक्त एवढंच विचारलं, "किल्ली आता देता, की घरी गेल्यावर?"

पुढच्या रविवारी डॉक्टरांची गाडी ताडपत्री पांघरून रस्त्यावर उभी होती आणि गॅरेजमध्ये शिलाई मशीन घरघरत होतं. दारात सहा सभासद आपापली टाकी पोटाशी धरून ओळीने उभे. फोम नीट कापणारं माणूस गावात एकच आहे, हे तपासनिसांनीच त्यांना सांगितलं होतं. बाई लांब कात्रीने सर्रकन फट काढत, टाकीत गोळा वरखाली हलवून दाखवत आणि "पुढचे या" म्हणत.

"वहिनी, सल्लागार तुम्हालाच नेमायला हवं होतं," अध्यक्ष अजिजीने म्हणाले.

सहाही जण गेले, तेव्हा डॉक्टर आपली टाकी घेऊन पुढे सरकले. बाईंनी कात्री खाली ठेवली.

"आज नाही जमायचं."

"अगं, मी घरचाच माणूस."

"म्हणूनच. माझी दाढ सहा महिने ठणकतेय. दर वेळी काय म्हणता तुम्ही? घरचा पेशंट शेवटी."

डॉक्टरांनी टाकी खाली ठेवली आणि उद्याच्या नंबरांची वही काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पहिला नंबर बाईंचा लागला, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरांनी एक अक्षर न बोलता दाढ भरली.