झटकू नगा!

आमच्या कॉलनीत धुतलेला कपडा झटकून दोरीवर टाकायची सोय नाही. ओल्या टॉवेलचा फट्ट आवाज झाला रे झाला, की समोरच्या ओट्यावरून हाक येते, "वहिनी, झटकू नगा!" सतरंजी, पायपुसणं, शाळेचं दप्तर, काहीही झटकलेलं तात्यांना चालत नाही. नवीन भाडेकरू आला, की पाण्याची वेळ, घंटागाडीची वेळ आणि तात्या, या तीन गोष्टी मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

तात्या मूळचे सणसरचे. उभी हयात शेड बांधण्यात गेली. बारामतीहून भिगवणला जाताना रस्त्याकडेला ज्या पोल्ट्र्या दिसतात, त्यातल्या कितीतरी पोल्ट्र्यांवरचे सिमेंटचे पत्रे त्यांनी घातलेले. त्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना उडालेली त्याची धूळ छातीत जाऊन बसते, हे त्यांना फार उशिरा कळलं. तेव्हापासून ते त्याच मालकांकडे जाऊन सांगतात, पत्रा फोडू नका, भोकं पाडू नका, आणि काढायचाच तर, "आधी पानी, मग हात."

"तात्या, पैसे घेऊन घातलं तुमीच, आन् आता काढा म्हणताय?" असं लोक तोंडावर विचारतात.

"घालताना ठावं नव्हतं, आता ठावं हाय," एवढंच ते म्हणतात आणि पुढच्या शेडकडे निघतात.

यंदा आमच्या बालवाडीचं छप्पर बदलायचं ठरलं. कमिटीची कामं माझ्याकडे असतात, कारण यादी केल्याशिवाय मी चहासुद्धा ठेवत नाही. रविवारी सकाळी जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे, दुपारी झाडलोट, सोमवारी नवं छप्पर, आणि शाळा उघडली की मुलं थेट वर्गात. पोपट ठेकेदार म्हणाला, "घणानं फोडतो. जेवायच्या आत मोकळं."

तात्यांनी यादी हातात घेतली. "दुपारी झाडणार कोण?"

"मावशी. नेहमीच्याच."

"मग पत्रा फुटायचा न्हाय," म्हणाले आणि मला स्कूटरवर बसवून नगरपालिकेच्या कचेरीत घेऊन गेले. म्हणजे स्कूटर माझी, चालवलीही मी.

तिथला कारकून समजूतदार होता, पण गोंधळलेला. फुटका पत्रा साध्या कचऱ्यात टाकायचा नाही, भिजवून, गुंडाळून धोकादायक कचऱ्याच्या जागी द्यायचा, हे त्यानंही ऐकलेलं होतं. ती जागा कुठं, ते ठाऊक नव्हतं. "पण तात्या, हा पत्रा दुकानात अजून मिळतो की!"

"त्याचंच तर नवल हाय, साहेब. घालायला कुणाला इचारावं लागत न्हाय. काढायला कुणाला इचारू?"

कारकुनानं फोन फिरवले. चौथ्या टेबलावर एका बाईंनी जागा सांगितली, लांबची. माझ्या यादीत टेम्पोचं भाडं वाढलं.

दरम्यान शेजारच्या मळ्यातले आबा आले. चांगले पत्रे वाया कशाला घालवता, गोठ्याला द्या म्हणाले. तात्या म्हणाले, "म्हस खोकली तर तक्रार करायची न्हाय, म्हणून व्हय?" आबा चहा न घेताच गेले.

रविवारी तात्या पाठीला फवारणीचा पंप लावून हजर.

"तात्या, वर ऊस लावलाय का?" पोपट ओरडला.

"ऊस असता तर तुला शिवू दिला नसता. मास्क लाव तोंडाला."

एकेक गंजलेला नट तेल सोडून उघडायचा, पत्रा भिजवायचा, अख्खा खाली घ्यायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. जेवायची वेळ टळली. माझी दुपार संध्याकाळवर गेली. मी मनातून चिडले होते, पण पत्रा एकही फुटला नाही. टेम्पो गेला आणि फरशीही ओल्या फडक्यानं पुसून झाली.

तेवढ्यात दत्ता नावाच्या मजुराची बायको त्याला घरी न्यायला आली. त्याच्या खांद्यावर नटांच्या गंजाची कौलारी रंगाची थोडी भुकटी बसली होती. तिनं हसत हात उचलला.

"पोरी, झटकू नको!"

तात्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिचा हात तसाच वर राहिला. तात्यांनी दत्ताचा शर्ट बेतानं उतरवला, बादलीत बुडवला आणि नळाखाली स्वतः धुवायला बसले. मी म्हटलं, "तात्या, द्या इकडं."

"न्हाय." ते मान खाली घालून शर्ट धूत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमची मंडळी सांजच्याला दारात उभी असायची. सदरा झटकल्याबिगर घरात घेत नसायची. पाठीवर दोन थापा जास्तीच मारायची. मला लय बरं वाटायचं, वहिनी. मुद्दाम उभा राहायचो मी." शर्ट पिळला. "खोकला तिला लागला. मला काय बी झालं न्हाय. डॉक्टर म्हणालं, कशानं लागला ते सांगता यायचं न्हाय."

दत्ताची बायको जवळ येऊन उभी राहिली होती. शर्ट घ्यायला तिनं हात पुढं केला, पण तात्या दोरीपाशी गेले.

त्यांनी तो ओला शर्ट न झटकता दोरीवर टाकला आणि पाठीवरच्या सुरकुत्या तळहातानं एकेक करून सारख्या केल्या.